गोळीवाल्या शेटजींची आगबोट

काही वर्षांपूर्वीच्या एका रविवारची गोष्ट. मुलगी, जावई आणि सात वर्षांची नात सकाळच्या गाडीने वसईला आली होती. घरात स्वयंपाकाचा घाट घालण्यापेक्षा आज बाहेरच खाऊ, असा ठराव सौभाग्यवतींनी मांडला आणि तो एकमताने मंजूर झाला. गावातल्या जुन्या बाजारपेठेत एक उपाहारगृह आहे. संगमरवरी माथ्याची गोल टेबले, पाठीला टोचणाऱ्या लाकडी खुर्च्या, भिंतीवर पारा उडालेला आरसा आणि गल्ल्यावर ओळीने मांडलेल्या काचेच्या बरण्या. एका बरणीत राजगिऱ्याचे लाडू, दुसरीत चिक्की, तिसरीत केळीच्या सोपटात बांधलेली आमच्या वसईची सुकेळी आणि उरलेल्या दोन-तीन बरण्यांत रंगीबेरंगी गोळ्या.

उसळ-पाव झाला, साबुदाणा वडे झाले, लोण्याचा गोळा घातलेले थालीपीठ दोघांत एक असे झाले आणि शेवटी पीयूषचे पेले रिकामे झाले. बिल देताना सुट्ट्या पैशांची नेहमीची ओरड झाली आणि गल्ल्यावरच्या काकांनी नेहमीप्रमाणेच दोन रुपयांच्या ऐवजी चार गोळ्या नातीच्या ओंजळीत टाकल्या. तिने वेष्टनावरचे अक्षर न् अक्षर लावून ‘रावळगाव’ असे वाचले आणि विचारले, आजोबा, हे गाव कुठे आहे? आणि तिथे गोळ्या कोण करतं?

मालेगावजवळ, एवढे सांगून मी पहिल्या प्रश्नातून सुटलो. दुसऱ्याचे उत्तर द्यायला लागलो तेव्हा जावईबापूंचा चेहरा पाहण्यासारखा झाला. ते इंजिनियर. चार वर्षे सांगलीच्या वालचंद कॉलेजात काढलेली. ज्यांच्या नावाच्या कमानीखालून आपण चार वर्षे ये-जा केली, त्याच माणसाच्या कारखान्यातली गोळी आपण लहानपणापासून चघळत आलो, हे त्यांना त्या दिवशी प्रथम कळले. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. वालचंद हिराचंद हे नाव महाराष्ट्रात सर्वांनी ऐकलेले असते, पण तो माणूस कोण होता हे विचारले तर कुणी कॉलेज सांगतो, कुणी साखर कारखाना, कुणी मोटार, आणि बहुतेक जण गप्प बसतात. नातीला मी त्या दिवशी अर्धवट सांगितले. राहिलेले आज सांगतो.

वालचंदांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरला झाला. दोशी घराणे मूळचे सौराष्ट्रातल्या वांकानेरचे, दिगंबर जैन, गुजराती बोलणारे. पण सोलापुरात इतके मुरलेले की त्यांना परके म्हणायची कुणाची छाती नव्हती. घरात कापसाचा आणि सावकारीचा व्यवसाय. वडील हिराचंद नेमचंद व्यापारी होतेच, शिवाय जैन समाजात विद्याव्यासंगी आणि सुधारक म्हणून त्यांना मान होता. वालचंद तान्हे असतानाच आई गेली. घरातल्या इतर बायकांनी त्यांना वाढवले. पुढे वडिलांचे दुसरे लग्न झाले आणि गुलाबचंद, रतनचंद, लालचंद हे धाकटे भाऊ आले. सावत्रपणाची झळ या भावांत कधी लागली नाही. वालचंदांच्या पसाऱ्याचा पुढचा सगळा भार याच भावांनी वाहिला.

१८९९ साली मॅट्रिक झाल्यावर ते मुंबईच्या सेंट झेवियर्समध्ये आणि पुण्याच्या डेक्कन कॉलेजात शिकले; पण पदवी न घेताच घरी परतले. घरच्या पेढीवर बसून व्याजाचे हिशेब करणे त्यांच्या मनाला मानवेना. पैसा पैशाला जन्म देतो हे त्यांना मान्य होते, पण त्यातून काही उभे राहिलेले दिसत नाही, ही त्यांची खरी अडचण असावी. त्यांना डोळ्यांना दिसेल, हाताला लागेल असे काही करायचे होते.

ती संधी आणून दिली एका मराठी माणसाने. लक्ष्मणराव बळवंत फाटक हे रेल्वेत कारकुनी केलेले गृहस्थ. त्यांना रेल्वेच्या कामाचे बारकावे ठाऊक होते आणि वालचंदांकडे घरचे भांडवल होते. फाटक-वालचंद अशी भागीदारी झाली आणि बार्शी लाइट रेल्वेच्या एका टप्प्याचे कंत्राट त्यांना मिळाले. सावकाराच्या घरचा मुलगा मुरुमाच्या ढिगांवर, मजुरांच्या गराड्यात उन्हात उभा राहू लागला. त्या काळात ही गोष्ट साधी नव्हती. पेढीवरची गादी सोडून खडी-मातीत उतरणे म्हणजे प्रतिष्ठा घालवणे, असे मानणारे लोक घरीदारी होते.

बार्शीच्या कामातून आणखी कामे आली. १९२० साली त्यांची कंपनी टाटा कन्स्ट्रक्शनमध्ये विलीन झाली, आणि त्या दशकात बोरघाटातील बोगद्यांचे अवघड काम या मंडळींनी पार पाडले. पुण्याला जाताना गाडी बोगद्यात शिरली की मुले आरडाओरडा करतात; त्या अंधाराशी या माणसाचा असा संबंध आहे. मुंबईला तानसा तलावाचे पाणी आणणाऱ्या नळांच्या कामातही त्यांचा हात होता. आम्हा वसई-विरारकरांना तानसा परकी नाही. वज्रेश्वरीवरून वाहत येणारी ही नदी विरारच्या उत्तरेला वैतरणेला मिळते. तिचे पाणी धरणात अडवून मुंबईकडे गेले आणि आम्ही मात्र कितीतरी वर्षे विहिरी, बावखले आणि टँकर यांवर दिवस काढले. पण तो राग कंत्राटदारावर काढून चालणार नाही. १९२६ साली त्यांनी हिंदुस्तान कन्स्ट्रक्शन कंपनी काढली. ती पुढे धरणे आणि पूल बांधणारी देशातली एक मोठी कंपनी झाली.

मात्र वालचंदांचे नाव इतिहासात गेले ते जमिनीवरच्या कामामुळे नव्हे, समुद्रावरच्या कामामुळे. पहिले महायुद्ध नुकतेच संपले होते. ग्वाल्हेरच्या शिंदे महाराजांनी युद्धकाळात जखमी सैनिकांसाठी रुग्णालय म्हणून वापरलेली एक जुनी आगबोट विक्रीला निघाल्याचे त्यांच्या कानी आले. मूळची ती कॅनडातल्या एका कंपनीची १८९१ साली बांधलेली ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’. आता तिचे नाव ‘लॉयल्टी’ होते. सोलापूरच्या, म्हणजे समुद्रापासून शेकडो मैलांवरच्या गावात वाढलेल्या या माणसाने ती घ्यायचे ठरवले. नरोत्तम मोरारजी, किलाचंद देवचंद, लल्लूभाई सामळदास ही मुंबईतील बडी मंडळी त्यांच्याबरोबर उभी राहिली आणि १९१९ साली सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापन झाली. बोट शिंद्यांकडून आली म्हणून नाव सिंदिया.

५ एप्रिल १९१९ रोजी ‘लॉयल्टी’ मुंबईहून लंडनच्या दिशेने निघाली. हिंदी मालकीची, हिंदी भांडवलाची बोट विलायतेला जाते, ही बातमी त्या दिवसांत साऱ्या देशाच्या अंगावर मूठभर मांस चढवणारी होती. आज ५ एप्रिल हा राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो तो त्याच सफरीच्या आठवणीत.

इथे वसईकर म्हणून थोडे विषयांतर करतो. आमच्या आगाशीला सोळाव्या शतकात युरोपची सफर झेपेल अशी जहाजे बांधली जात, अशी पोर्तुगीज काळातली कीर्ती आहे. वसईच्या आसपासच्या जंगलांतला साग आणि इथल्या सुतारांचा हात, दोन्हींना मोल होते. म्हणजे जहाज ही गोष्ट या किनाऱ्याला काही साहेबाने शिकवली नव्हती. वाफेचे जहाज आले, कायदे आणि भांडवल त्यांच्या हाती गेले आणि आमच्या लोकांकडे मचवे आणि मासेमारीच्या होड्या तेवढ्या उरल्या. वालचंदांची ‘लॉयल्टी’ निघाली तेव्हा ती खरे तर गेलेल्या वस्तूच्या शोधात निघाली होती.

सफर दिमाखात झाली तरी धंदा म्हणून ती आतबट्ट्याचीच ठरली. बोट जुनी, खर्च अफाट आणि समोर लॉर्ड इंचकेप यांच्या ब्रिटिश इंडिया कंपनीसारखा प्रतिस्पर्धी. या बलाढ्य कंपनीने भाड्याचे दर असे खाली आणले की नव्या कंपनीने गाशा गुंडाळावा. १९२३ साली ‘लॉयल्टी’ मोडीत निघाली. त्याच वर्षी सिंदियाला इंग्रज कंपन्यांशी दहा वर्षांचा करार करावा लागला. जगायला परवानगी मिळाली, पण वाढायला नाही, असा तो करार होता. वालचंदांना तो मनापासून कधीच रुचला नाही. १९२९ मध्ये नरोत्तम मोरारजी वारले आणि कंपनीची धुरा वालचंदांकडे आली. ती त्यांनी १९५० पर्यंत वाहिली. किनाऱ्यावरची वाहतूक हिंदी बोटींसाठी राखून ठेवावी, ही मागणी त्यांनी सभांतून, पत्रकांतून, सरकारी समित्यांपुढून अशी काही लावून धरली की दिल्लीचे अधिकारी त्यांचे नाव काढताच कपाळाला आठ्या घालीत. कोकणच्या बोटी चालवणारी बॉम्बे स्टीम नॅव्हिगेशन कंपनीही पुढे सिंदियाच्याच छत्राखाली आली. भाऊच्या धक्क्यावरून वळकट्या घेऊन बोटीत चढलेल्या आपल्या वाडवडिलांचा प्रवासही असा या माणसाशी जोडलेला आहे.

‘लॉयल्टी’ मोडीत निघाली त्याच १९२३ साली वालचंदांनी नाशिक जिल्ह्यात मालेगावजवळ सुमारे दीड हजार एकर जमीन घेतली. जमीन कसली, बहुतेक खडकच. पण खडक फोडणे हा तर त्यांचा धंदाच होता. जमीन सारखी केली, पाणी आणले आणि तिथे ऊस उभा राहिला. १९३२ साली सरकारने परदेशी साखरेवर संरक्षक जकात बसवली. जावा बेटाच्या साखरेशी टक्कर देणे शक्य झाले आणि देशभर कारखाने निघू लागले. १९३३ साली रावळगाव शुगर फार्म कंपनी उभी राहिली. पुणे जिल्ह्यात इंदापूर तालुक्यातल्या कळंब इथेही अशीच शेती आणि कारखाना झाला. तेच आजचे वालचंदनगर. कामगारांची घरे, शाळा, दवाखाना, बाजार अशी आखीव वस्ती माळरानावर वसली. बागाईत म्हणजे काय हे वसईकराला सांगायला नको. पण आम्हाला विहीर आणि माती आयती मिळाली होती. खडकावर बागाईत करणे हे वेगळे प्रकरण आहे.

आणि १९४२ साली रावळगावात साखरेच्या जोडीला गोळ्या होऊ लागल्या. साखरेचा पाक योग्य तापमानापर्यंत आटवायचा, त्यात ग्लुकोजचा पाक घालायचा म्हणजे गोळी रवाळ होत नाही, मग रंग, आंबटपणा, वास घालून गरम असतानाच ती साच्यातून काढायची, अशी ही कृती. ऐकायला सोपी, पण दोन अंश इकडेतिकडे झाले की गोळी एक तर चिकट होते नाही तर जळकी लागते. पुढे या कारखान्यातून पान पसंद, मँगो मूड, कॉफी ब्रेक अशी नावे निघाली. लग्नात बडीशेपेच्या शेजारी, वाढदिवसाला शाळेत वाटायच्या पुडक्यात, एसटीत गाडी लागू नये म्हणून आईच्या पिशवीत आणि सुट्टे पैसे नसले की वाण्याच्या हातात रावळगाव दिसू लागली. पाच-दहा पैशांत मिळणारी चैन, दुसरे काय!

पण ज्या १९४२ मध्ये ही गोळी निघाली, ते वर्ष खुद्द वालचंदांना गोड गेले नाही. त्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

१९३९ साली अमेरिकेच्या प्रवासात त्यांची विल्यम पॉली या विमान-व्यवसायातील अमेरिकन गृहस्थाशी गाठ पडली. हा माणूस चीनमध्ये विमानांचा कारखाना चालवत होता. चीनमध्ये होते तर हिंदुस्थानात का नाही, हा प्रश्न वालचंदांच्या डोक्यात शिरला आणि मग त्यांना झोप लागेना. हिंदी लोकांनी विमाने बांधणे इंग्रज सरकारला पसंत नव्हते. पण युद्धाने नड निर्माण केली. म्हैसूर संस्थानाचे दिवाण सर मिर्झा इस्माईल यांनी जागा आणि भांडवल देऊ केले, आणि २३ डिसेंबर १९४० रोजी बंगळुरूला हिंदुस्तान एअरक्राफ्ट कंपनी स्थापन झाली. दुसऱ्याच वर्षी, २१ जून १९४१ रोजी विशाखापट्टणमला सिंदियाच्या जहाजबांधणी कारखान्याची पायाभरणी डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाली. इंग्रजांच्या राज्यात, इंग्रजांच्या डोळ्यांदेखत, काँग्रेसच्या नेत्याला बोलावून हा समारंभ करण्यात जो बाणेदारपणा होता, तो कुणाच्या नजरेतून सुटला नसेल.

आणि मग १९४२ उजाडले. जपानी सैन्य दाराशी आले. एप्रिलमध्ये विशाखापट्टणमवर बॉम्ब पडले आणि कारखान्याचे काम काही काळ हलवावे लागले. त्याच महिन्यात सरकारने विमान कारखाना वालचंदांकडून विकत घेऊन आपल्या ताब्यात घेतला. ज्या कारखान्यासाठी त्यांनी साऱ्या खटपटी केल्या, तो दीड वर्षातच हातचा गेला. योग्य मोबदला मिळाला की नाही हा हिशेबाचा प्रश्न झाला. मूल वाढवायला लागावे आणि ते दुसऱ्याने उचलून न्यावे, ही त्यातली खरी वेदना होती.

पण हा माणूस बसून राहणारा नव्हता. मोटारींचा कारखाना हे त्यांचे जुने वेड. सरकारने युद्धकाळात त्यालाही दाद दिली नव्हती. १९४४ साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन झाली, अमेरिकेच्या क्रायस्लर कंपनीशी करार झाला आणि १९४७ मध्ये कुर्ल्याच्या कारखान्यातून पहिली गाडी बाहेर पडली. १४ मार्च १९४८ रोजी विशाखापट्टणमला ‘जलउषा’ हे जहाज पंडित नेहरूंच्या हस्ते पाण्यात सोडण्यात आले. स्वतंत्र भारतात बांधून पुरे झालेले हे पहिले मोठे आधुनिक जहाज. एकोणतीस वर्षांपूर्वी दुसऱ्याची जुनी बोट विकत घेऊन निघालेल्या माणसाने आता नवी बोट बांधून दाखवली होती.

या साऱ्याला दुसरी बाजू होतीच. एक काम पुरे होण्याआधी ते दुसरे अंगावर घेत. भांडवलाची ओढाताण नेहमीची. सरकारशी भांडायचे आणि त्याच सरकारची कंत्राटे घ्यायची, ही विसंगतीही त्यांच्यात होती. पण त्या काळी रेल्वे, धरणे, नळ ही सारी कामे काढणारा एकच मालक होता, तो म्हणजे सरकार. त्याच्याशी व्यवहार न करता उद्योग उभारायचा तर कुठे, हाही प्रश्न आहे. त्यांनी व्यवहार केला आणि मानही वाकवली नाही, एवढे निश्चित म्हणता येईल.

१९४९ मध्ये त्यांना पक्षाघात झाला. पायाला भिंगरी लागलेला माणूस अंथरुणाला खिळला. १९५० मध्ये त्यांनी कामातून अंग काढून घेतले. पत्नी कस्तुरबाईंनी त्यांची सेवा केली.  जहाजबांधणी कारखाना १९५२ मध्ये सरकारच्या वर्चस्वाखाली गेला, तो त्यांच्या डोळ्यांदेखत. ८ एप्रिल १९५३ रोजी गुजरातमधील सिद्धपूर येथे त्यांचे निधन झाले. ‘लॉयल्टी’च्या सफरीला त्या आठवड्यात चौतीस वर्षे पुरी झाली होती.

त्यानंतरची हकीकत थोडक्यात अशी. विमान कारखाना आज एचएएल या नावाने ओळखला जातो. आपली लढाऊ विमाने तिथे होतात. विशाखापट्टणमचा कारखाना सरकारी आहे. १९६१ च्या जमीनधारणा कायद्याने साखर कारखान्यांच्या मोठ्या शेतजमिनी गेल्या आणि त्यांची व्यवस्था शेती महामंडळाकडे आली. सिंदियाच्या बोटी विसाव्या शतकाच्या अखेरीस दिसेनाशा झाल्या. कुर्ल्याला तयार होणारी पद्मिनी २००० च्या सुमारास बंद झाली, आणि मुंबईच्या रस्त्यांवरची काळी-पिवळी पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्ये निवृत्त झाली. फेब्रुवारी २०२४ मध्ये रावळगावच्या गोळ्यांची नावे आणि कृती २७ कोटी रुपयांना रिलायन्सच्या कंपनीने विकत घेतल्या. मुंबईत एखादी चांगली इमारत घ्यायची म्हटली तरी याहून जास्त पैसे पडतात.

ती बातमी वाचली त्या दिवशी मला पुन्हा ते संगमरवरी टेबल आठवले. नात आता मोठी झाली आहे. मी तिला फोन केला आणि म्हटले, बाळ, तुझ्या गोळीवाल्या आजोबांचे नाव विकले गेले. ती म्हणाली, मग आता गोळ्या मिळणार नाहीत का? म्हटले, मिळतील, मालक बदलला एवढेच.

फोन ठेवल्यावर मात्र विचार करत बसलो. जहाज, विमान, मोटार, ऊस, गोळी. या माणसाने जे जे उभे केले ते ते आज दुसऱ्या कुणाच्या तरी हाती आहे, नाहीतर नाहीसे झाले आहे. सावकाराच्या चोपडीत ही बाजू नुकसानीची म्हणून लिहिली जाईल. पण सावकाराची चोपडी तर त्यांनी तरुणपणीच मिटून ठेवली होती. त्यांना उभे राहिलेले काही बघायचे होते आणि ते त्यांनी बघितले. बोरघाटातून आजही गाड्या जातात, बंगळुरूला विमाने होतात, खडकावर ऊस डोलतो.

आम्ही सारे मे महिन्याच्या सुट्टीत पुन्हा त्या उपाहारगृहात जायचे ठरवले आहे. टेबले तीच आहेत, खुर्च्याही तशाच टोचतात. सुट्ट्या पैशांची अडचण मात्र मोबाइलने मिटवली आहे, त्यामुळे काका आता गोळ्या हातावर टेकवत नाहीत. आपणच मागून घ्यायच्या, चार, आणि नात मोठी झाली असली तरी तिच्याच ओंजळीत टाकायच्या.